मांजरं लांब सोडायची की नसबंदी करून परत आणायची?
आमच्या सोसायटीत दरवर्षी हाच वाद. लांब सोडायला एक पोतं आणि रिक्षा पुरते, पण जागा रिकामी झाली की काही दिवसांत दुसरी मांजरं येतातच, आणि सोडलेली बिचारी अनोळखी जागी उपाशी फिरते, तिची पिल्लं इकडे जिन्याखाली ओरडत राहतात, मी ऐकलंय ते. नसबंदीला खटपट जास्त, पिंजऱ्यात सुकट ठेवून तासन् तास बसायचं, ऑपरेशननंतर मांजरीला काही दिवस कोरड्या जागी सांभाळायचं. पण पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते, साधारण ६३ दिवसांत विते, म्हणून मला हेच पटतं. बोक्यांची भांडणं, मुताचा वासपण कमी होतो. आमच्या सोसायटीतल्या मनी मांजरीच्या डाव्या कानाचं टोक नसबंदीच्या वेळी कापलेलं आहे, त्या खुणेमुळे तिला कोणी पुन्हा ऑपरेशनला नेत नाही.