सतरा नंबरचा फॉर्म: वस्तीतल्या पोरांच्या किती कामाचा?

सोळा-सतरा वर्षांचा, मारामारीत नाव आलेला, यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा गॅरेजवर राबणारा मुलगा नववीच्या बाकावर परत जाऊन बसत नाही. त्याला कितीही समजावा, नाही बसत. अशा मुलासाठी राज्य मंडळाने खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी देण्याची सोय ठेवली आहे. सगळे तिला 'सतरा नंबर' म्हणतात. सोलापुरातल्या वस्त्यांत काम करताना इतकी उपयोगी दुसरी सरकारी सेवा आम्हाला दिसलेली नाही. पण ती अर्ध्यात सोडून देणारी पोरंही तितकीच दिसतात, आणि त्याची कारणं दरवर्षी तीच असतात.

अट साधी आहे: किमान पाचवी पास आणि वय 14 पूर्ण. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन निवडलेल्या संपर्क शाळेत जमा करायचा. खर्च हजार-बाराशेच्या घरात जातो, परीक्षा शुल्क वेगळं. मुदत साधारण पावसाळ्यात असते, नंतर विलंब शुल्क लागतं. माध्यम मराठीच हवं असं नाही. उर्दू, कन्नड, तेलुगूतूनही पेपर देता येतो, आणि सोलापुरात ही गोष्ट फार मोठी आहे. घरात तेलुगू बोलणाऱ्या, चौथीपर्यंत तेलुगू शाळेत आणि पुढे मराठीत शिकलेल्या मुलाला कोणतं माध्यम सोपं जाईल, हे फॉर्मआधी त्याच्याकडून दोन पानं वाचून घेऊन ठरवा.

पहिली अडचण दाखल्याची. शाळा सोडल्याचा दाखला बहुतेक घरांत चौपदरी घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असतो, आणि घडी नेमकी जन्मतारखेवरून गेलेली असते. अंकात एक तारीख, अक्षरात दुसरी, आधारवर तिसरी, असंही सापडतं. आईचं नाव एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. ही दुरुस्ती आधी करा. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. याला आठवडे लागतात, म्हणून जूनमध्येच सुरुवात करा.

दुसरी अडचण मोबाइलची. पोरांची सिमकार्डं तीन महिन्यांत बदलतात. फॉर्ममध्ये आईचा किंवा मोठ्या बहिणीचा नंबर टाका.

तिसरी अडचण सगळ्यात घातक. सतरा नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी. तिचं प्रमाणपत्र आलं की परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं भरावं लागतं, तेही संपर्क शाळेमार्फत. "फॉर्म भरला की" म्हणून पोरगं निवांत राहतं आणि परीक्षेच्या तोंडावर त्याच्या नावाचं हॉलतिकीटच येत नाही. दिवाळीच्या आधी आणि नंतर, अशा दोन वेळा त्याला घेऊन शाळेत जाऊन या. भाषेच्या पेपरात लेखी 80 आणि बाकीचे 20 गुण तोंडी-अंतर्गतचे असतात. विज्ञानाची वही आणि प्रयोगही शाळेतच करायचे असतात. खाजगी मुलांना या तारखा आपणहून कोणी कळवेल या भरवशावर राहू नका.

संपर्क शाळा निवडताना नकाशा बघून भागत नाही. जवळची शाळा दुसऱ्या टोळीच्या चौकापलीकडे असेल, तर मुलगा एकदा जाईल आणि पुन्हा जाणार नाही. कारण विचारलं तर "पोट दुखत होतं" म्हणेल. म्हणून निवड करण्याआधी त्यालाच विचारा, "कोणत्या रस्त्यानं जाशील?" दोन किलोमीटर लांबची पण निर्धास्त वाट कधीही बरी.

अभ्यासाला हातात पाच-सहा महिने मिळतात. वर्ग पाळी सुटल्यावर, रात्री आठनंतर, दीड तासाच्या वर नको. गणितात टक्केवारी आणि मोजमापापासून सुरुवात करा. मागावर मीटर मोजणाऱ्या पोराला ते पटकन जमतं आणि धीर येतो. मकरसंक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा, भरली की हजेरी कोसळते, कारण बरीच पोरं तिथे स्टॉलवर कामाला लागतात. त्या काळात नवीन धडा नको, फक्त जुन्या प्रश्नपत्रिका.

बाल न्याय मंडळात केस सुरू असेल तर पेपरचं वेळापत्रक लागताच वकिलाला दाखवून तारीख बदलून मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आणि "माझ्यावर केस आहे, शिकून काय उपयोग?" असं म्हणणाऱ्या मुलाला बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 वाचून दाखवा: निकाली निघालेल्या केसची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. हे वाक्य ऐकल्यावर चेहरे बदलतात. या शहरात त्याला जास्त वजन आहे. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या काळी सेटलमेंटच्या, म्हणजे सक्तीच्या वसाहतीच्या, तारेमागे डांबलेल्या घरांच्या नातवंडांकडे अजूनही नाव-पत्ता ऐकूनच संशयानं पाहिलं जातं.

प्रत्येकाला हा रस्ता सुचवू नका. आठवी पास असून हाताला कामाची ओढ असेल, तर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर किंवा दोन वर्षांचा वायरमन हा ट्रेड थेट मिळू शकतो. इलेक्ट्रिशियन, फिटर हवा असेल तर दहावी लागतेच. आयटीआयला 80 टक्के हजेरी लागते, त्यामुळे रात्रपाळी चालू ठेवून तिथे निभत नाही. घरखर्च कोण उचलणार हे आईवडिलांसमोर बसून आधीच बोला. पुढे शिकाऊ उमेदवारीत, 2019 च्या नियमांप्रमाणे, आयटीआय पास मुलाला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरलं आहे, हा आकडाही त्याच बैठकीत सांगा.

आमचे गुण: पाचपैकी चार. कापलेला एक गुण नावनोंदणी आणि परीक्षा यांच्या मधल्या त्या शांततेसाठी. तिथे मंडळाचा एक साधा मेसेज आला तरी कितीतरी वर्षं वाचतील. आणि एक-दोन विषय राहिले तर निकालाच्या दिवशीच मुलाच्या घरी जा. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची मुदत फार थोडे दिवस असते.