टगबोटीचे नकाशे घेताय? आधी हे वाचा

आमच्या साकोलीकडे बंदर नाही, पण मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. त्यात चालेल अशी छोटी मॉडेल बोट आपल्या हातानं करायची म्हणून मी टीआयडी जातीची टगबोट, म्हणजे जहाजं ओढणारी लहान दणकट बोट निवडली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडनं बंदराच्या कामासाठी अशा 182 बोटी बांधून घेतल्या, पहिली 1943 ची. गोद्या कामानं तुंबलेल्या, म्हणून बोटीचे आठ तुकडे बाहेरच्या कारखान्यांत करायचे, ट्रकनं आणायचे आणि वेल्डिंगनं जोडायचे. पत्रा दोन दिशांनी वाकवायची भानगडच नाही. बूड आणि बाजू गोलाई न घेता थेट कोनात मिळतात. घरी प्लायवुडमध्ये करायला अशीच बोट पाहिजे.

नकाशेवाला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. ‘ओरिजिनल ड्रॉइंगवरून, 1:48 (म्हणजे खऱ्या बोटीच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढी), चार शीट’ म्हणाला. नमुना म्हणून सुकाणूच्या केबिनचा तुकडा पाठवला, तो खरंच सुरेख होता, दाराची बिजागरीसुद्धा मोजता यावी असा. यूपीआयनं 1,800 रुपये घेतले आणि फाइल पाठवली. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन मोठ्या कागदावर छापून आणली.

घरी आणून पट्टी लावली. खरी बोट 74 फूट, म्हणजे 1:48 ला साडेअठरा इंच. लांबी अगदी बरोबर! रुंदी मात्र 17 फुटांच्या हिशेबानं सव्वाचार इंच पाहिजे, ती भरली साडेतीन. मग बाजूच्या चित्रात पाहिलं, तर गोल खिडक्या वांग्यासारख्या लांबट. लांबी जुळावी म्हणून कुठलं तरी चित्र कॉम्प्युटरवर आडवं ताणलेलं. बोट आडवी कापली तर दिसेल तो आकार म्हणजे छेद. मधला एक छेद तेवढा फाइलमध्ये होता, तर त्यात बूड चक्क गोल. म्हणजे बोटच दुसरी! आणि ज्यावरून आडव्या फळ्या कापायच्या, ते बाकीच्या छेदांचं चौथं शीट फाइलमध्ये नव्हतंच.

फोन केला तर म्हणे, ‘भाऊ, प्रिंटरनं गडबड केली.’ प्रिंटर ‘फिट टू पेज’वर, म्हणजे कागदात मावेल तसं छापण्यावर राहिला तर सगळंच सारखं लहान होते, गोलाचं अंडं होत नाही. हे सांगितल्यावर गडी म्हणाला, ‘छेदांचं शीट वेगळं असते, 900 टाका, सगळं नवीन पाठवतो.’ नाही म्हटलं, तर ब्लॉक.

नमुना मागायचाच असेल तर केबिनचा मागू नका, ते सजवलेलं असते. छेदांचा मागा, आणि त्याच पानावरची मोजपट्टीही दिसली पाहिजे. एखाद्या छेदाची पाणरेषेवरची रुंदी वरून दिसणाऱ्या चित्रातल्या त्याच जागेच्या रुंदीशी जुळवून पाहा. न जुळणारा नकाशा फुकटातही महाग. कोणी काढला, कोणत्या बोटीवरून काढला, हे विचारल्यावर जो उत्तराऐवजी ‘ऑफर आजच संपते’ सांगतो, त्याला तिथंच रामराम करा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही टाकली. ठाण्यातल्या साहेबांनी ‘खेळण्यातल्या बोटीचा नकाशा 1,800 ला?’ असं विचारलं. बाप्पा, त्यांना काय सांगू! पैसे अजून आले नाहीत.

परवा दुसऱ्या ग्रुपवर नव्या नंबरवरून तोच केबिनचा फोटो फिरताना दिसला. आता बोट ‘1:32’ झाली आहे. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात कागदाची घडी आणि खाली चहाचा डाग आहे. तो दिसला तर पैसे पाठवू नका, नंबर मात्र तक्रारीत टाका.