मिनॉक्सिडिल-फिनास्टराइड, 8 महिने: केस राहिले, चव मात्र पळाली होती

केसगळतीवर रात्री फिनास्टराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ टाळूला मिनॉक्सिडिलचा 5 टक्क्यांचा द्रव. डोस वगैरे तुम्हाला पाठ असेलच, म्हणून केसांचं उरकून टाकतो: पहिले दोन महिने जास्तच गळले, पाचव्यापासून गळती थांबली, मागच्या चकतीवर लव आली. पुढचे कोपरे जसेच्या तसे. माझं दुखणं वेगळं आहे.

चौथ्या महिन्यात तोंडात लोखंड आलं. रात्रभर किल्ली चोखत झोपलो होतो की काय, असं सकाळी वाटायचं. पाण्याला गंज, कॉफी नुसती कडू. टूथपेस्टचा गारवा कळायचा, चव नाही. त्यात मिनॉक्सिडिलचा तो औषधी, चिकट वास. अभ्रा कितीदा धुतला तरी जाईना. पुढे पुढे तर समोरच्या ताटालाही तोच वास येतोय असं वाटू लागलं. आपण ज्याला चव म्हणतो त्यात नाकाचा वाटा मोठा, त्यामुळे दोन्हीकडून मार.

गुन्हेगार मी ठरवूनच टाकला होता: फिनास्टराइड. डीएचटी हे केस गळवणारं संप्रेरक साधारण 70 टक्क्यांनी खाली आणणारी गोळी जिभेला कशी सोडेल? तीन महिन्यांचा साठा एकदम घेतलेला, फेकवत नव्हता, म्हणून शिव्या देत गिळत राहिलो.

इथपर्यंतचं सहाव्या महिन्यात लिहिलं होतं, एक तारा देऊन. आता बदलतो.

डॉक्टरांना विचारून फिनास्टराइड तीन आठवडे बंद ठेवली. डीएचटी पूर्ववत व्हायला सुमारे 14 दिवस लागतात, म्हणून त्याहून कमी थांबण्यात अर्थ नव्हता. लोखंड जागेवरच. मग डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? मी म्हटलं, काही नाही. खरंच तसं वाटत होतं! मोठ्या पॅकवर फुकट मिळालेल्या ‘केसांच्या व्हिटॅमिन’ला मी औषध धरतच नव्हतो. फुकट ते पौष्टिक म्हणून रोज उपाशीपोटी घेत होतो, तेही चौथ्या महिन्यापासूनच.

डबीवर बारीक अक्षरांत झिंक 50 मिलिग्रॅम. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 40 मानतात. जास्त झिंकने तोंड धातूसारखं होतं, आणि गंमत म्हणजे झिंक कमी पडलं तरी चव जाते. शिवाय त्यात सेलेनियम. तेही अति झालं तर धातूची चव येते आणि केसच गळतात. केसांसाठीच्या डबीत! बायोटिनही होतं, त्याने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून रक्त द्यायच्या आधी ते बंद करायला सांगितलं.

डबी बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत पाणी पाण्यासारखं लागलं. फिनास्टराइड पुन्हा सुरू आहे, दोन महिने झाले, चव शाबूत. ज्यांची चव अशी गेली असेल त्यांनी माझ्यासारखा स्वतःच निकाल लावू नये, सगळ्या डब्या घेऊन डॉक्टरांकडे जावं.

वासाची तक्रार कायम. प्रॉपिलीन ग्लायकॉल (द्रवातलं द्रावक, त्याने टाळू खाजू शकते) नसलेला मिनॉक्सिडिलचा फोम घेऊन पाहिला. टाळूची खाज गेली, वासही बराच कमी, पण बाटली लवकर संपते. म्हणून रात्री फोम, सकाळी उरलेला द्रव.

चार तारे. एक कापला तो फुकटच्या डबीसाठी. ती अजून अर्धी भरलेली आहे, कपाटात.