माउथगार्ड: कोपऱ्यावरच्या पोरासाठी घ्या, चढाईसाठी नको

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी संध्याकाळी पोरापोरींना कबड्डी शिकवतो. सकाळी त्याच मैदानावर पोलीस भरतीवाले धावतात. मागच्या हंगामात अमरावतीहून साडेतीनशे रुपयांचं माउथगार्ड आणलं, गरम पाण्यात नरम करून वरच्या दातांवर बसवायचं असतं तसलं. पेटीवर लिहिलं होतं, ‘दात आवळा, हालचाल चपळ होईल.’

दावा अगदी हवेतला नाही. गुडघ्यावर हातोडी मारून झटका तपासताना डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं अडकवून ओढायला लावतात, त्यानं पायाचा झटका जोरात येतो. हाताचा झटका बघायचा असेल तर दात आवळायला सांगतात. एका जागचा स्नायू ताणला की मज्जारज्जूतून दुसरीकडे जाणारी वाटही जागी होते. अमेरिकेत विल्यम एबेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच उडीवर तपासलं. जबडा आवळून उडी मारताना जोर चढण्याचा वेग सुमारे १९.५ टक्के जास्त निघाला. सर्वांत मोठा जोर मात्र तेवढाच राहिला.

इथंच पेटीवाल्यानं घोळ घातलाय. चढाईवाल्याचा पाय दिसल्यापासून आपलं अंग हलेपर्यंतचा वेळ वेगळा, आणि हलल्यावर जोर किती लवकर चढतो ते वेगळं. दात आवळण्याचा फायदा मुख्यतः दुसऱ्यात आहे. पाय लवकर दिसायचा असेल तर नजर आणि सराव लागतो, तो कुठल्याच पेटीत मिळत नाही. शिवाय हा फायदा आवळण्याचा आहे, प्लास्टिकचा नव्हे. प्लास्टिकमुळे पोरगा न घाबरता कचकून आवळतो आणि दात शाबूत राहतात, एवढी त्याची कामगिरी. ती मला मोठी वाटते. घोटा धरायला झेपावलेल्या पोराच्या तोंडावर गुडघा बसतो तेव्हा काय होतं, हे कबड्डीवाल्याला सांगायला नको.

म्हणून कोपऱ्यावरच्या पोरांना मी ते लावतो. सूचना एकच: झेप घेताना आवळ, एरवी जबडा सैल सोड. सारखं आवळून धरलं की मान अकडते, खांदे कानाशी येतात आणि वळायलाच उशीर होतो.

चढाईत याचा उपयोग शून्य. दम तर सलग आणि पंचाला ऐकू येईल असा म्हणावा लागतो. आमचा एक चढाईवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, “सर, हे तोंडात असलं की कबड्डी म्हनताच येत नाही ना जी.” बरोबर बोलला. शिवाय तोंड बोलत असताना दात आवळणार कधी? खो-खोतही तेच, तोंडातल्या तोंडात दिलेला खो समोरच्याला कळत नाही.

भरतीवाल्यांनी तर घेऊच नये. शंभर मीटरला सुटताना क्षणभर दात आवळायला काही विकत घ्यावं लागत नाही. १६०० मीटरला जबडा सैलच हवा.

वस्तू म्हणून ठीक आहे. कडा जरा जाड, हिरड्यांना लागतात, त्या कात्रीनं कापून घ्या. खेळ झाल्यावर साध्या पाण्यानं धुवा. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात साचा वाकतो. दात अजून येत असलेल्या पोरांना तेच माप फार दिवस पुरत नाही, त्यांचं अधूनमधून तपासा. तारा लावलेल्यांनी आधी दातांच्या डॉक्टरांना विचारावं.

कोपऱ्यासाठी पाचपैकी चार.