नेहरू वनोद्यान की सातपूरची देवराई?

सकाळचे दोन तास हातात असले तर नाशिककरांपुढे दोन सोपे पर्याय आहेत: पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान किंवा सातपूरच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई.

आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर वनोद्यानच बरं. मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहे, तिकीट काढायचं आणि बांधीव वाटेनं सावकाश फिरायचं. शेजारी फाळके स्मारक, वर चोवीस लेणी. चढायचा दम असेल तर तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख चुकवू नका. रविवारी मात्र गर्दी आणि सेल्फी सोसावे लागतात.

देवराईचा बाज वेगळा. 5 जून 2015 ला लोकांनी इथे हजारो देशी रोपं लावली आणि पुढे जगवलीही. लावणारे खूप असतात हो, उन्हाळ्यात पाणी घालणारे कमी! वाट मातीची, पावसाळ्यात चिकट, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत. बुंध्याशी वाकून पाहिलं की आळ्यात कुजत पडलेला पाला दिसतो, थोडा बाजूला केला की खाली ओल. बाग झाडणाऱ्याला हा कचरा वाटेल, झाडाचं ते खत.

खायला-प्यायला काही मिळेल या भरवशावर जाऊ नका, पाणी घरूनच न्या. मार्च ते मे गवत वाळून कोळ झालेलं असतं, तेव्हा विडी-सिगारेट अजिबात नको.

मी पाहुण्यांना वनोद्यानात नेतो. एकटा असलो की देवराई.