विद्यापीठाचा सोशल मीडिया: कोणतं माध्यम घ्यायचं, कोणतं साधन?

जनसंपर्क विभागात माणसं दोन-तीनच आणि वरून निरोप आलाय की ‘आपण सगळीकडे दिसलो पाहिजे’. अशा वेळी ॲपची यादी घेऊन बसण्याआधी आपल्या पोस्टची वर्गवारी करा. विद्यापीठाच्या पोस्ट मुळात दोन प्रकारच्या असतात. काही वेळेवर पोचल्या नाहीत तर विद्यार्थ्याचं नुकसान होतं: परीक्षेची बदललेली तारीख, प्रवेशाची मुदत, निकाल. बाकीच्या कोणी पाहिल्या नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही: दीक्षान्त समारंभाचे फोटो, संशोधनाची बातमी. दोन्हींना एकच माध्यम वापरायला गेलं की घोळ सुरू होतो.

सूचनांसाठी खरी तुलना व्हॉट्सॲप चॅनेल आणि टेलिग्राम चॅनेल यांच्यातच आहे (चॅनेल म्हणजे जिथे फक्त ॲडमिन पोस्ट टाकतो आणि बाकीचे वाचतात). इन्स्टाग्राम मी इथे धरतच नाही. तिथलं फीड वेळेच्या क्रमाने लागत नाही, त्यामुळे आज रात्रीची सूचना एखाद्याला परवा दिसू शकते. स्टोरी 24 तासांत जाते, कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) छोटी सूचना छान बसते, पण ज्याचं खातं नाही त्याला ताज्या पोस्ट क्रमाने दिसतीलच याचा भरवसा नाही, आणि पालकांपैकी बऱ्याच जणांचं खातं नसतंच.

व्हॉट्सॲप चॅनेल 2023 मध्ये आलं. त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ॲप आधीच फोनमध्ये असतं. फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनचाही दिसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र सदस्यांचे नंबर सगळ्यांसमोर उघडे पडतात आणि सदस्यसंख्या 1024 वर थांबते. विद्यार्थिनींचे नंबर अनोळखी लोकांच्या हाती जातात, एवढं एक कारण ग्रुप बाद करायला पुरेसं आहे. चॅनेलच्या उणिवाही आहेत. ते चॅटच्या यादीत न दिसता वेगळ्या टॅबमध्ये असतं आणि नोटिफिकेशन सुरुवातीला बंद असतात. ती चालू करा असं सांगत राहावं लागतं. जुन्या सूचनांचा साठा म्हणूनही त्यावर विसंबू नये. चॅनेलचा इतिहास सर्व्हरवर 30 दिवसांपर्यंतच ठेवू, असं कंपनीने ते आणतानाच सांगितलं होतं.

टेलिग्राम नेमकं इथे सरस ठरतं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला वर्षभरापूर्वीची पोस्टही दिसते, शोधता येते, महत्त्वाची पिन करता येते आणि 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. अडचण अशी की ते सगळ्यांकडे नसतं. शिवाय विद्यापीठाचं नाव आणि बोधचिन्ह लावून बनावट चॅनेल उघडणं फार सोपं आहे. माझा कल असा: सूचनेसाठी व्हॉट्सॲप, साठ्यासाठी टेलिग्राम, आणि दोन्हींची लिंक अधिकृत संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर. मूळ सूचना मात्र आधी संकेतस्थळावरच चढली पाहिजे.

सूचना टाकायची रीतही माध्यमाइतकीच महत्त्वाची आहे. सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून त्याचा फोटो टाकायची सवय सोडा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातलं काही धड ऐकू येत नाही, तारीख शोधता येत नाही, आणि चूक निघाली तर फोटोत दुरुस्ती करता येत नाही. मजकूर टाइप करा: पहिल्या ओळीत अभ्यासक्रम आणि विषय, दुसऱ्या ओळीत जुनी तारीख आणि नवी तारीख, खाली लिंक. पत्र हवंच असेल तर लिंकवर ठेवा.

दुसऱ्या प्रकारच्या पोस्टचा निर्णय सोपा आहे. लिंक्डइन सोडू नका. तिथल्या ‘स्कूल’ पानावर माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात हे गाळून पाहता येतं, आणि ही सोय फेसबुकवर नाही. यूट्यूबवरचा ‘अर्ज कसा भरावा’ हा व्हिडिओ पुढच्या वर्षीही शोधून पाहिला जातो. इन्स्टाग्राम आजच्या विद्यार्थ्यांसाठी, फेसबुक पालकांसाठी.

आता वेळ लावून, म्हणजे आधीच तयार केलेली पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकण्याची साधनं. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाचं बिझनेस सूट फुकट आहे, पण त्या दोन्हींपलीकडे फारसं जात नाही. बफरच्या फुकट योजनेत तीन खाती जोडता येतात आणि प्रत्येकाच्या रांगेत एका वेळी दहा पोस्ट राहतात. छोट्या विभागाला बहुधा पुरतं. हूटसूटने फुकट योजना 2023 मध्ये बंद केली. स्प्राउट सोशल माणसागणिक पैसे घेतं, त्यामुळे प्रत्येक विभागाला लॉग-इन द्यायचं म्हटलं की हिशेब झपाट्याने वाढतो. निव्वळ वेळ लावण्यासाठी यातल्या महागड्या साधनांवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिंक्डइन आणि यूट्यूबवर ती सोय मुळातच आहे. प्रवेशाच्या दिवसांत मात्र एकच प्रश्न चार ठिकाणी येतो आणि कोणी कोणाला काय उत्तर दिलं याचा पत्ता लागत नाही. असं होत असेल तर सगळ्या कमेंट एकाच खिडकीत आणून माणसांना वाटून देणारं साधन पैसे मोजण्याजोगं आहे.

खरेदीआधी विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: रांगेतल्या सगळ्या पोस्ट एका बटणावर थांबवता येतात का? आवारात दुर्घटना घडली आणि तासाभरात ठरल्याप्रमाणे नाचगाण्याची रील झळकली, तर ती निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. आकडेवारी उतरवून घेता येते का, तेही पाहा. एक्सची खाती सांभाळण्याचं ट्वीटडेक 2023 मध्ये सशुल्क झालं, पोस्टची आकडेवारी दाखवणारं मेटाचं क्राउडटँगल ऑगस्ट 2024 मध्ये बंदच झालं. ज्यांचा सगळा अहवाल तिथेच होता त्यांची पंचाईत झाली.

आणि खात्यांच्या चाव्या. फेसबुक, लिंक्डइन आणि यूट्यूबवर प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून भूमिका देता येते, पासवर्ड वाटावा लागत नाही. इन्स्टाग्रामला मेटाच्या व्यवसाय खात्याशी जोडलं नाही तर एकच पासवर्ड स्वयंसेवक विद्यार्थ्यापर्यंत फिरत राहतो. खात्याचा ईमेल पदाच्या नावाचा असू द्या, प्रत्येक ठिकाणी किमान दोन ॲडमिन ठेवा. व्हॉट्सॲप चॅनेल कोणाच्या खाजगी नंबरवर काढू नका. त्यासाठी विद्यापीठाच्या नावाचं सिम घ्या आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी एका पदाकडे लेखी सोपवा.