बर्डीवरील नेट कॅफे: आपण उठल्यावर संगणकावर काय उरते?

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरण्यासाठी आम्ही यंदा नागपूरच्या सीताबर्डीवर, मुंजे चौकापासून पायी पाच मिनिटांवर असलेल्या एका लहानशा नेट कॅफेत तीनदा गेलो. सहा संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचे यंत्र आणि प्रवेशाच्या दिवसांत दारापर्यंत आलेली रांग, असे हे दुकान आहे. वेग चांगला आहे आणि दर बर्डीच्या मानाने रास्त आहेत. पण आपण खुर्चीवरून उठल्यावर आपले खाते आणि आपली कागदपत्रे तेथे किती मागे राहतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

गेल्या वर्षी हात पोळल्यापासून मी दुकान याच निकषावर पारखतो. तेव्हा दुसऱ्या एका दुकानात थोरल्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना चालकाने घाईघाईत त्याच्या नावे नवा ई-मेल उघडला, त्यात स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला आणि पासवर्डही स्वतःच ठरवला. यंदा अर्जाचे नूतनीकरण करायला बसलो, तर ओटीपी त्या चालकाच्या क्रमांकावर जाऊ लागला आणि दुकान तोवर बंद झाले होते. मुलाच्याच नावाचे खाते मुलाला उघडता येईना.

बर्डीच्या या दुकानात तसे घडले नाही. क्रमांक आणि ई-मेल विद्यार्थ्याचाच हवा, असा चालकाचा आग्रह असतो आणि पासवर्ड टाकताना तो स्वतः बाजूला होतो. आल्या आल्या ओळखपत्र मागून वहीत नोंद केली जाते. काहींना हे जाचक वाटते. परंतु 2011 च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार ओळख पटवल्याशिवाय संगणक वापरू देता येत नाही आणि ती नोंद किमान एक वर्ष जपावी लागते. संगणकांमधले आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नसावेत, हा त्याच नियमांतला दंडकही येथे पाळला आहे. मात्र आडोसा ठेंगणा असल्याने मागे ताटकळणाऱ्याला आपली बोटे दिसतात. पासवर्ड टाकताना मी मुलीच्या पाठीशी उभा राहिलो.

ब्राउझर गेस्ट विंडोत उघडून दिला जातो, त्यामुळे ती बंद करताच भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद आणि लॉगिन पुसले जाते. उतरवून घेतलेली फाइल मात्र त्याने पुसली जात नाही. पहिल्या दिवशी डाउनलोड्सचे फोल्डर उघडले, तर त्यात अनोळखी मुलांचे ई-आधार, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि शाळेची टीसी सुखेनैव पडलेली होती. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो हे खरे. पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष मिळून होतो, आणि शेजारीच नाव व जन्मतारीख सांगणारी टीसी असेल तर ते कुलूप उघडायला कोणतेही कसब लागत नाही. मी हे दाखवताच चालकाने आमच्यासमोर सगळे पुसले, रीसायकल बिनही रिकामा केला. पुढच्या दोन्ही खेपांना ते फोल्डर स्वच्छ होते, याचे मी मनापासून कौतुक करतो.

तक्रार आहे ती कागदांची. आमच्या बिलाची बेरीज ज्या चिठ्ठीवर झाली, तिच्या मागे कोणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याची फसलेली प्रिंट होती. विचारले तर, "काका, कोरी बाजू वाया जाते ना," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेलाही तोच गठ्ठा टेबलावर होता. ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

कीबोर्डवरील प्रत्येक कळ टिपून ठेवणारा छुपा प्रोग्राम संगणकात असेल, तर गेस्ट विंडो त्याला अडवू शकत नाही. म्हणून बँकेचा पासवर्ड आम्ही तेथे टाकला नाही, शुल्क मुलीने स्वतःच्या फोनवरून भरले. कागदपत्रांसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडावे लागले, तेव्हा उठण्यापूर्वी तिने फोनमधील लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तो संगणक काढून टाकला. घरी आल्यावर गूगल खात्यातील उपकरणांच्या यादीत दुकानातला संगणक अजून दिसत होता. तिने तेथूनच त्याला साइन आउट केले आणि पासवर्ड बदलला.

पुढच्या फेरीलाही आम्ही याच दुकानात जाऊ. फसलेल्या प्रिंट मात्र मागून घेऊन घरी आणू.